पाखल्यांच्या वेळची वाट शूट करायची असेल तर

पहिल्यांदा मी आबांना, गोव्याच्या पोर्तुगीजांविरुद्ध लढलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला, माहितीपटासाठी खुर्चीत बसवलं, आणि तिथंच माझे तीन दिवस फुकट गेले.

दोडामार्ग तालुक्यातलं गाव, २०१३ चा नोव्हेंबर. ओटीवर खुर्ची, दोन्ही बाजूंना भावाच्या स्टुडिओतले लग्नात वापरतो ते दिवे, मागे भिंतीवर सन्मानपत्राची फ्रेम. आबा परीटघडीचा सदरा आणि टोपी घालून आले आणि सुरू झाले, ‘परकीय सत्तेच्या जोखडातून मायभूमीला मुक्त करण्यासाठी...’ असली भाषणं मी शाळेत असताना दर १५ ऑगस्टला उन्हात उभी राहून ऐकलीत. सहा तासांचं फुटेज झालं आणि वापरण्याजोगं एक वाक्य नाही. चौथ्या दिवशी सामान बांधलं. माझ्या चुलतभावाला (कॅमेरा तो धरतो, आवाज आणि बाकीची सगळी उस्तवार माझी) व्हाळावर आंघोळीला जायचं होतं, म्हणून आबा काठी घेऊन वाट दाखवायला उठले. वाटेत एका कातळाला काठी मारून म्हणाले, “हय आमी तीन राती झोपलेलो. माका जुलाब लागलेले. बंदूक उचलूची ताकद नाय होती अंगात.”

कॅमेरा बॅगेत होता.

त्या दिवसानंतर मी मुलाखतीचे दिवे गावात नेले नाहीत. ज्यांना आपल्या भागातल्या सशस्त्र लढ्यावर माहितीपट करायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. विषय भरपूर आहेत. १९४२ च्या आंदोलनात भाई कोतवालांचा आझाद दस्ता माथेरान-कर्जतच्या डोंगरात विजेचे मनोरे पाडत फिरत होता आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल मारले गेले. माझं काम मात्र आमच्या सरहद्दीवरचं आहे. गोव्याच्या मुक्तीसाठी शस्त्र घेऊन लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाची माणसं पोर्तुगीज गोव्यात जाऊन चौक्यांवर हल्ले करायची आणि डोंगर चढून आमच्या बाजूला परत यायची, त्या वाटेचं. आमच्याकडे पोर्तुगीजांना कुणी पोर्तुगीज म्हणत नाही, पाखले म्हणतात. विचारताना तुम्हीही पाखलेच म्हणा, नाहीतर परत भाषण सुरू होईल.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाका, या लढ्याची चित्रं जवळजवळ नाहीत. मी आबांना विचारलं, तुमचा त्या वेळचा एखादा फोटो? ते माझ्याकडे बघतच राहिले. “फोटो काढलेलो आसतो तर मी हय बसलेलो आसतंय?” फोटो म्हणजे पोलिसांच्या हातातला पुरावा. दलाचे मोहन रानडे १९५५ च्या ऑक्टोबरात गोव्यातल्या बेती चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. १९६१ ला गोवा सुटला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते, बाहेर आले ते १९६९ च्या जानेवारीत. पकडलं जाण्याची किंमत ही अशी, मग कोण कशाला फोटो काढून घेईल? म्हणजे तुमच्या हाती तीनच गोष्टी उरतात. जागा, आवाज आणि म्हातारी माणसं. तिसरी गोष्ट दर पावसाळ्याला कमी होते, त्यामुळे अनुदानाची वाट बघत बसू नका. आज शंभर जणांना विचाराल तेव्हा एखादा प्रत्यक्ष गेलेला भेटेल. उरलेल्यांकडे बापाची, काकाची, आजीची गोष्ट असेल. तीही चालते. फक्त ती ऐकीव आहे हे चित्रपटात कळलं पाहिजे.

गावात शिरताना

परवानग्या दोन. एक कागदावरची. तिलारीचं जंगल २०२० पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथं वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. ड्रोन असेल तर त्याची नोंदणी आणि उडवायची परवानगी वेगळी. पोलीस पाटलाला आधी भेटा. सरहद्दीजवळ अनोळखी गाडी आणि तिपाई दिसली की फोन जातोच. २००२ पासून कर्नाटकातून आलेले हत्ती या पट्ट्यात आहेत, तेव्हा वनरक्षकाचा नंबर फोनमध्येच नको, कागदावर पण लिहून घ्या. दरीत उतरलं की फोनला रेंज नसते आणि बॅटरी तर हमखास जाते.

दुसरी परवानगी देवाची. पहिल्या खेपेला मी हे केलं नव्हतं. गावात कुणी नाही म्हणालं नाही, पण प्रत्येकाला नेमकं त्याच दिवशी कुठंतरी जायचं असायचं. मग एका मावशीने सांगितलं, “आदी देवळात सांग गो बाय.” नारळ घेऊन गेलो, गाऱ्हाणं घातलं. काय करायला आलोय, कुणाच्या घरी राहणार, कुणाचं वाईट करायला आलो नाही, सगळं मोठ्यांदा, चारचौघांसमोर. प्रत्येक वाक्याला मागून ‘होय म्हाराजा’. देव मानता की नाही हा तुमचा प्रश्न. पण सगळ्या गावाला एकाच वेळी, एकाच शब्दांत आपला हेतू सांगायची याहून चांगली सोय मला अजून सापडलेली नाही. सरपंचाच्या सहीपेक्षा ती जास्त चालते.

वेळ कुठली धरायची? भात कापून, झोडून झालं की. नोव्हेंबर ते जानेवारी. त्याआधी गेलात तर माणसं शेतात, आणि हातातलं काम टाकून तुमच्याशी बोलणारा एक तर फार मोठ्या मनाचा असतो किंवा गावात त्याचं कुणी ऐकत नसतं. जमलं तर वस्तीच्या एसटीने जा. संध्याकाळी शेवटच्या गाडीतून उतरणारा माणूस रात्र गावात काढणार हे सगळ्यांना कळतं. गाडीने येऊन पाचला परत निघणाऱ्याला लोक पाचपर्यंत पुरेल एवढंच सांगतात.

वाट

माझ्याकडे शिकवण्यासारखं काही असेल तर ते एवढंच. आधी वाट चाला, प्रश्न नंतर.

म्हाताऱ्या माणसाला घेऊन डोंगरात जायचं तर आदल्या संध्याकाळी त्याला विचारू नका, त्याच्या सुनेला विचारा. तो ‘चलतंय’ म्हणणारच. गुडघा कुठला दुखतो, गोळी किती वाजता, कधी चक्कर आली होती, हे तिला ठाऊक असतं. आबांच्या सुनेने मला गोळ्यांची पुडी, पेजेची किटली आणि एक प्लास्टिकची खुर्ची दिली होती. खुर्ची डोक्यावर घेऊन मी पाच दिवस हिंडले. तासाला एक किलोमीटर धरा, त्यात अर्धा वेळ बसणं.

कॅमेरा मागून चालू द्या. समोरून उलटं चालत चेहरा टिपायचा मोह होतो, पण मग तो माणूस कॅमेऱ्याकडे बघतो, वाटेकडे बघत नाही. पाठ, मान, काठी, पाऊल कुठं पडतं ते घ्या. तो थांबला की तुम्ही थांबा आणि तोंड बंद ठेवा. मनात वीस मोजा. वीस आकडे किती लांब असतात ते तिथं कळतं. आबा एका वळणावर असेच थांबले आणि एकोणिसाव्या-विसाव्या आकड्याला म्हणाले, “ह्यो फणस नाय होतो.” आणि मग त्या जागी काय होतं ते पाऊण तास सांगत बसले. मी प्रश्न विचारला असता तर त्यांनी मला उत्तर दिलं असतं, आणि फणस राहून गेला असता.

‘आबा, परत एकदा चालून दाखवा’ असं चुकूनही म्हणू नका. हुकलं ते हुकलं.

वाट बदललेली असणार, त्याची तयारी ठेवा. आमच्याकडे अर्धी वाट तिलारीच्या धरणात गेली, वरच्या उतारावर रबराची लागवड आली. पहिल्या वर्षी मला वाटलं, संपलं आता. पण आबा पाण्याच्या काठावर बसून बोटाने वाट दाखवत राहिले, तो त्या चित्रपटातला सगळ्यात लांब शॉट आहे. मग मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर परत गेलो. चिखलातून जुने बांध आणि झाडांचे बुंधे वर आले होते. वाटेचा एक तुकडा, असेल दीडशे पावलं, उघडा पडला होता. आबा त्यावर चालले नाहीत. काठावरूनच बघितलं आणि म्हणाले, चला, ऊन झालं.

नकाशा स्वतः काढा. सह्याद्रीतल्या या वाटा दलाने शोधलेल्या नाहीत, मिठाच्या आणि बैलांच्या जुन्या वाटा आहेत. बंडखोरांनाही त्या नव्या नाहीत. १८४४ मध्ये मनोहरगडाकडे गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, तेव्हा बंडातले एक म्होरके फोंड सावंत आणि त्यांची माणसं गोव्यात, म्हणजे पाखल्यांच्या आसऱ्याला पळाली. शंभर वर्षांनी त्याच डोंगरातून माणसं उलटी पळत होती. आणि डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याची ५० वी पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून गोव्यात घुसली, तीही दोडामार्गाच्याच बाजूने. हे मी निवेदनात घातलं होतं, नंतर काढलं. आबांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. सैन्याबद्दल त्यांची आठवण एवढीच, की एवढे ट्रक त्यांनी एका जागी कधी बघितले नव्हते.

आकडे पेजेच्या भांड्यातून

दलाची माणसं एका रात्री गावात जेवून गेली होती. किती होती असं पुरुषांना विचारलं तर चाळीस. एकाने साठ सांगितले. मग मी चुलीपाशी गेले. मावशी तेव्हा चौदा वर्षांची होती, आईच्या हाताखाली. तिला विचारलं, माणसं किती होती? ती म्हणाली, मी कुठं बघितली? अंधार. बरं, पेज किती शेराची टाकलेली? लगेच म्हणाली, दोन शेर उकड्याची, आणि सोबत भाजलेली सुकट. आता दोन शेराच्या पेजेत आठ-नऊ माणसं जेवतात. चाळीस नाहीत.

तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट वस्तूंवर उतरवते. किती वाजता निघालात असं विचारत नाही, कोंबडा आरवला होता का, गुरं सोडली होती का, असं विचारते. पाऊस किती होता यापेक्षा इरलं घेतलं होतं का. सामान कुठं लपवलं, तर कणगीत. मग कणगी कुठं ठेवलेली, तिच्यात भात किती उरलेलं? आठवण फसवते, पण भांडं सहसा फसवत नाही. आणि हो, बायकांची मुलाखत बायकांनी घ्यावी. चुलतभाऊ कॅमेरा लावून बाहेर गेला तेव्हा कुठं मावशीने सांगितलं, की पाखल्यांपेक्षा तिच्या आईला भीती शेजाऱ्यांची जास्त वाटायची.

खबरी

हा विषय निघणारच. कुणीतरी सांगितल्याशिवाय धाड पडत नाही. आबांनी मला एक नाव सांगितलं, कॅमेरा चालू असताना. मी ते ठेवलं. कच्चा चित्रपट आठ-दहा जणांना दाखवला, त्यात त्या घरातली नात होती. मला ते माहीत नव्हतं. ती काही बोलली नाही, चपला घालून निघून गेली. पुढची दोन वर्षं त्या वाडीत मला कुणी पाणी विचारलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता माझा नियम असा. नाव रेकॉर्ड होऊ द्यायचं, कारण मध्येच थांबवलं की माणूस पुढचं सगळं गिळतो. पण ती फाइल वेगळी ठेवायची आणि चित्रपटात नाव घालायचं नाही. एका माणसाच्या साठ वर्षं जुन्या संशयावर कुणाच्या नातवंडांनी मान खाली घालून हिंडावं असं मला वाटत नाही. कागदोपत्री पुरावा मिळाला तर? पोर्तुगीज राजकीय पोलिसांचं दप्तर लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो अभिलेखागारात आहे, तिथं काहीतरी सापडूही शकतं. सापडलं तरी आधी त्या घरी जाऊन सांगायचं. कॅमेरा न घेता.

आज कुठं चालू असलेल्या लढ्यात कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना तर हे दसपट लागू आहे. तिथं फुटेज हीच यादी असते. चेहरा झाकून भागत नाही, डोंगराच्या रेघेवरून जागा ओळखता येते, आवाजावरून माणूस, फाइलमधल्या जीपीएसवरून घर. जेवण दिलेल्या घराचं दार कधीही फ्रेममध्ये घेऊ नये. आणि स्वतःला एक प्रश्न विचारून ठेवावा, हे कार्ड उद्या कुणी हिसकावून घेतलं तर पहिला मार कोण खाईल? तो माणूस त्या कार्डात नसला पाहिजे.

आवाज

चित्राचं एक वेळ निभावतं, आवाजाचं निभावत नाही. बिनतारी माईक डोंगरात विसरा, एका वळणाआड गेलं की खरखर. छोटा रेकॉर्डर माणसाच्या खिशात घालायचा, कॉलर माईक टोपीच्या काठाला आतून लावायचा, आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायची म्हणजे नंतर जुळवता येतं. सदऱ्याला लावलात तर काठी टेकताना कापड घासतं. बायकांना लावताना बांगड्यांचा विचार करा. काढायला सांगू नका, हात मांडीवर ठेवायला सांगा. श्वासाची धाप ऐकू येते ती येऊ द्या. वाट चढाची आहे हे तीच सांगते.

संध्याकाळी रातकिडे सुरू झाले की बोलणं बंद, रिकामा आवाज गोळा करणं सुरू. प्रत्येक जागेचा दोन मिनिटं नुसता आवाज घ्या. कौलांवरचा पाऊस, व्हाळ, गुरांच्या घंटा. पुढं संकलनात दोन वाक्यं जोडताना त्याच्यासाठी जीव जातो.

आवाजाचं महत्त्व मला आंबोलीने शिकवलं. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला, पुढे तो कर्नाटकातल्या कॅसल रॉकला नेला, आणि गोवा सुटेपर्यंत पोर्तुगीज आणि कोकणीतून तो बोलत राहिला. लिबियाबाईंना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली. आंबोलीत आज दाखवण्यासारखं काय आहे? धुकं आणि मक्याची कणसं. मी तिथं पहाटे फक्त आवाज रेकॉर्ड केला. चित्रपटात काळा पडदा ठेवलाय, चाळीस सेकंद, आणि तो जंगलाचा आवाज. एका परीक्षकाला वाटलं प्रोजेक्टर बिघडला.

दमट हवा

आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, खाली आमच्याकडे त्याच्या निम्मा. भिंगावर बुरशी यायला एक पावसाळा पुरतो. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नका, पीठ आत जातं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत भाजा. तो तवा परत चुलीवर नाही, ते दाणे विषारी असतात. एसीच्या गाडीतून उतरल्यावर अर्धा तास बॅग उघडू नका, नाहीतर भिंग घामेजतं. घरात शूट करताना २५ फ्रेम आणि १/५० शटर, म्हणजे ट्यूबलाइट लुकलुकत नाही. कार्ड रोज रात्री दोन डिस्कवर, आणि दोन्ही डिस्क एकाच बॅगेत नकोत. बाकी यूट्यूबवर आहे.

खोट्या बंदुका

करू नका. मी केलंय. चित्र नाही म्हणून धाडीचा प्रसंग उभा करायचं ठरवलं. आमच्या भागात नट हवे तर दशावतारी, दुसरं कोण? गावच्या मंडळातला एक कसलेला कलाकार पाखल्याचा इन्स्पेक्टर झाला. हातात लाकडी बंदूक. ‘दार उघडा’ एवढं एकच वाक्य होतं. त्याने आधी मिशीला पीळ दिला, मग डोळे फिरवले, मग दाराला तीन पावलं घेऊन असा गर्जला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस सुटली. आबा ओटीवर बसून हसता हसता रडायला आले. मी प्रसंग टाकून दिला आणि आबांचं हसणं ठेवलं.

त्यापेक्षा कागद शोधा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधीचं दप्तर रत्नागिरीत विचारायचं, हे कळायला मला चार महिने लागले. पणजीला पुराभिलेख खात्यात आणि मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रं चाळता येतात. पोर्तुगीज येत नसलं तरी तारीख आणि गावाचं नाव वाचता येतं, तेवढ्याचा फोटो घेऊन जाणत्याकडे जा.

भाषेबद्दल एकच. मालवणी बोलणाऱ्याला ‘शुद्ध’ बोलायला लावू नका, खाली मराठी ओळी द्या. पुण्यातले लोक वाचतील. पैशाबद्दलही एकच. साक्षीचे पैसे देऊ नका, पण वाट दाखवायला आलेल्याची मजुरी बुडाली असेल तर ती त्याच संध्याकाळी हातात ठेवा.

आणि चित्रपट झाला की पहिली प्रत त्या घरात. लिंक पाठवू नका, कुणी उघडत नाही. पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि त्यांच्या टीव्हीवर स्वतः लावून बघा. आबांच्या टीव्हीला माझी फाइल दिसेचना. पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला, त्यावर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. परत सावंतवाडीला येऊन चित्रपटाचे दोन तुकडे केले, दुसऱ्या दिवशी परत गेले. पहिल्या भागात वाट आहे, दुसऱ्यात १९६१ आणि पुढचं. सून सांगायची, दुसरा भाग त्यांनी कधी लावायलाच सांगितला नाही.